वैशाखातले आजोळ

श्रोतेहो, २०२४ सालच्या मार्च महिन्यात माझ्या मुलीचा बंगळूरहून दूरध्वनी आला. तिच्या सात वर्षांच्या मुलाला वाघ पाहावयाचा होता, आणि तोही मे महिन्यातच. त्या दिवसांत रानातले ओहोळ आटतात व उरल्यासुरल्या पाण्यापाशी वाघाला यावेच लागते, ही माहिती त्याने कोठूनशी मिळवून ठेवली होती. ताडोबाचे अरण्य चंद्रपूर जिल्ह्यात आणि चंद्रपूर हे माझे आजोळ. तेव्हा हा हट्ट माझ्यापर्यंत येणे क्रमप्राप्तच होते. मुलीने सगळे सांगून झाल्यावर जरा थांबून विचारले, "पण बाबा, तिथल्या मे महिन्यात, एवढ्या उन्हात, सगळ्यांनी मिळून जायचं म्हणजे मजा येईल का?"

प्रश्न साधा दिसतो. पण तो विचारण्याचा अधिकार माझ्या मुलीला जितका आहे तितका क्वचितच कोणाला असेल. त्यामागे छत्तीस वर्षांपूर्वीची एक दुपार उभी आहे. तिच्याकडे मी मागाहून येणारच आहे, कारण तिला टाळून या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येणार नाही.

उन्हाळ्याची सुटी म्हटली की थंड हवेचे ठिकाण आठवावे, ही सवय आपल्याला साहेबाने लावली. मुंबईचा गव्हर्नर महाबळेश्वरी जाई, नागपूरचे सरकार पचमढीला जाई, वऱ्हाडातले अधिकारी चिखलदरा गाठीत आणि १८६४ पासून तर हिंदुस्थानचे सारे सरकारच उन्हाळाभर सिमल्याला जाऊन बसू लागले. तुमच्याआमच्या घरांतली माणसे मात्र या पंगतीत फारशी कधी नव्हती. आपली सुटी म्हणजे आजोळ. शाळेची परीक्षा संपली की आई माहेरी निघे आणि आम्ही तिच्या पदराला धरून निघत असू. माहेर कोणी हवामान पाहून निवडीत नाही. ज्यांचे आजोळ कोकणात त्यांना समुद्र आणि हापूस मिळे. ज्यांचे इंदूर-देवासकडे, त्यांना दुपार कितीही तापली तरी माळव्यातल्या रात्रीचा गारवा मिळे. ज्यांचे ग्वाल्हेर-झाशीला, त्यांना माझ्यासारखेच भाजून निघावे लागे. या देशात मराठी माणूस जेथे जेथे जाऊन राहिला तेथली त्याची नातवंडे मे महिन्यात उलट्या दिशेने प्रवास करीत आली, आणि त्यांतल्या कोणीही तापमापक पाहून तिकीट काढले नाही.

१९६० नंतरच्या त्या दशकात आम्ही मुंबईहून निघत असू. खिडकीला सुरई बांधलेली असे. मनमाड मागे पडले की वाऱ्याचा स्पर्श बदले, भुसावळला तो चेहऱ्यावर चटका देई, आणि वर्ध्याला गाडी बदलून बल्लारशाच्या वाटेला लागेपर्यंत डब्यातली लाकडी बाकेसुद्धा हात लावू देत नसत. चंद्रपूरला माझ्या आजोळची वडीलमाणसे अखेरपर्यंत चांदाच म्हणत. गोंड राजांच्या तटबंदीच्या आत आमचे घर होते: जाड मातीच्या भिंती, वर कवेलूंचे छप्पर, पुढे सपरी, मधे माजघर आणि मागे अंगण. त्या घराला पंखा एकच होता आणि तो बहुधा आजोबांच्या डोक्यावर असे. तरीही श्रोतेहो, साक्ष द्यायची तर मी स्वच्छ देतो, की माझ्या आयुष्यातल्या सर्वांत आनंदाच्या सुट्या मी त्या घरात भोगल्या.

त्याचे कारण आता उमगते. त्या घराला घड्याळ वेगळे होते. साडेचारला घर उठे. सहापर्यंत विहिरीवरच्या आंघोळी आटोपलेल्या असत. बाजारहाट, देवदर्शन, झरपट नदीपर्यंतची रपेट, जे काही पायांनी करावयाचे ते नऊच्या आत. दहाला खिडक्या-दारे लागत. पुढच्या दाराला वाळ्याची ताटी टांगलेली असे आणि तिच्यावर पाण्याचे हबके मारीत राहण्याचे काम आम्हां मुलांकडे असे. बाहेरची भट्टीसारखी हवा त्या ओल्या वाळ्यातून आत शिरताना गार आणि सुगंधी होऊन येई. त्या अर्धवट अंधारात, सारवलेल्या जमिनीवर उघड्या अंगाने पडून आम्ही पत्ते खेळत असू, गोष्टी ऐकत असू, आणि केव्हा झोपत असू ते कळत नसे. अकरा ते पाच या वेळात उंबरठा ओलांडावयाचा नाही, हा आजोबांचा कायदा. त्याला अपील नव्हते. जावेच लागले तर पोटात काही घालून, डोक्याला आणि कानांना दुपट्टा गुंडाळून, आणि खिशात कांदा ठेवून. खिशातल्या कांद्याने ऊन लागत नाही हे मला शास्त्राच्या कसोटीवर पटलेले नाही. कांद्याचे स्थान पोटात आहे. पण तो खिशात घालणारे माणूस घालण्यापूर्वी मुलाच्या तोंडाकडे एकदा निरखून पाही, आणि त्या पाहण्याचा उपयोग होत असला पाहिजे.

सूर्य कलला की अंगणात सडा पडे. तापलेल्या मातीतून जो वास उठे त्याच्यासाठीच दुपार सोसली असे वाटावे. मग टरबूज फुटे, नाहीतर कुणीतरी खेड्यावरून टेंभरे पाठवलेली असत. रात्री ओळीने बाजा पडत. मातीचे अंगण झपाट्याने निवे, मध्यरात्रीनंतर वारा फिरे, आणि पहाटे पायथ्याची चादर ओढून घ्यावी लागे. चोवीस तासांपैकी सहा-सात तास उन्हाचे होते. ते आम्ही उन्हाला देऊन टाकले होते. उरलेले सारे आमचे होते.

आता ती दुपार. १९८८ च्या मे महिन्यात मी बायकोमुलांना घेऊन आग्र्याला गेलो. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. रजा मोजकी, दिवस चार, गाड्यांची तिकिटे आधीच काढलेली. सकाळची गाडी उशिरा पोचली आणि रात्रीच्या गाडीने पुढे जावयाचे होते. म्हणजे ताजमहाल पाहावयाचा तर दुपारी बारा ते तीन. सूज्ञ माणसाने तो पाहावयाचा नाही असे ठरविले असते. मी ठरविले की इतका खर्च करून आलो आहोत तर पाहिल्यावाचून जावयाचे नाही.

याच आग्र्यात साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी बाबराने हिंदुस्थानच्या उष्म्याची, वाऱ्याची आणि धुळीची कुरकुर केली व त्यावर उतारा म्हणून यमुनेकाठी विहिरी खोदून बाग आणि स्नानगृह उभारले, ही माहिती मी वाटेत मुलांना मोठ्या उत्साहाने देत होतो. एवढे ज्ञान असलेल्या माणसाला भर दुपारी मुलांना घेऊन पांढऱ्या संगमरवराच्या चौथऱ्यावर उभे राहू नये, एवढे मात्र कळले नाही. उन्ह वरून येत होते तसेच खालूनही येत होते. मुलगी प्रथम पाणी मागत होती, मग मागेनाशी झाली, आणि मला वाटले की आता तिला सवय झाली. परतताना ती ओकली. तिचे अंग चुलीसारखे तापले होते आणि हाताला कोरडे लागत होते. ती आपल्या आईला ओळखीनाशी झाली होती.

तेथे बागेला पाणी घालणारा एक म्हातारा माळी होता. त्याने मला काही विचारले नाही. तिला उचलून झाडाखाली निजविले, कपडे सैल केले आणि हातातली पाण्याची नळी तिच्या अंगावर सोडली. मला म्हणाला, वारा घाला. मी टोपीने वारा घालीत राहिलो. पुढे दवाखाना झाला, रात्रीची गाडी चुकली, तीन दिवसांनी मुलगी हसली. डॉक्टरांनी सांगितले की ती वाचली ती त्या पाण्याने. माळ्याचे नाव विचारायचे मला सुचले नाही.

त्या दुपारनंतर मी पुष्कळ वर्षे एक कोडे मनाशी घोळवीत होतो. चंद्रपूरचा उन्हाळा आग्र्याहून तिळभर कमी नाही. मग तेथे दहा सुट्यांत आम्हां सात-आठ मुलांपैकी एकालाही ऊन लागले नाही, आणि येथे एका दुपारीत असे का व्हावे?

त्याचे उत्तर शरीराच्या व्यवहारात आहे. बाहेरची हवा अंगाहून गरम झाली की अंग निवविण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणे. एक लिटर घाम अंगावर वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळ्याची ताटी दाराला जे करते तेच घाम अंगाला करतो, आणि ताटीप्रमाणेच त्यालाही पाणी सतत पुरवावे लागते. कोरड्या हवेत घाम इतका झरझर वाळतो की आपल्याला घाम येतच नाही असा भ्रम होतो. पाणी मात्र चाललेलेच असते, आणि त्याच्याबरोबर मीठही. मुंबई-कोकणात पारा पस्तिशीच्या आत असूनही जीव नकोसा होतो तो याच्या उलट कारणाने: हवेतच ओल असल्यामुळे घाम वाळत नाही. म्हणून नुसता अंशांचा आकडा पाहून सहलीचा बेत करू नये. हवेत ओल किती आहे तेही पाहावे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. शरीर उन्हाला सरावते, पण त्याला आठ ते पंधरा दिवस लागतात. तेवढ्यात घाम लवकर येऊ लागतो, अधिक येतो आणि त्यातले मीठ कमी होते. आजोळी आम्ही दीड महिना राहत असू. पहिला आठवडा आजी आम्हांला जवळजवळ कोंडूनच ठेवी. आग्र्याला आमच्या हाती चार दिवस होते. शरीर सरावू लागण्यापूर्वीच परतीची गाडी. आजची कौटुंबिक सहल बहुधा अशीच असते: दिवस थोडे, स्थळे पुष्कळ, पैसे आधी भरलेले, आणि म्हणून दुपारही वाया घालवावयाची नाही. उन्हाच्या गावाला जाऊन थंड गावाचे वेळापत्रक चालविले की मजा तर जातेच, आणि प्रसंगी माणूसही जाते.

इतके कळल्यावर मी आजोळच्या उन्हाळ्याचा मोठा गौरव करू लागलो होतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एका लग्नात धाकट्या मामी भेटल्या. त्यांच्यापुढेही मी तीच कथा लावली: वाळा, अंगण, टरबूज, पहाटेची चादर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुम्ही लोकं आले का आमचा उन्हाळा लागे, अन् तुम्ही गेले का पावसाळा."

सारे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते वाक्य झोपू देईना. ताटी होती पुढच्या दाराला. स्वयंपाकघर मागे होते, त्यावर टिनाचे छत होते. आम्ही माजघरात पत्ते पिसत असू तेव्हा दहा ते एक या वेळात मामी चुलीपुढे असत. पाहुणे धरून पंधरा-सोळा माणसे, रसाची जेवणे, कुणाला पोळी, कुणाला भात, शेवटची पंगत बायकांची. पहाटे कुरडयांचा चीक शिजवायचा, गच्चीवर वाळवण घालायचे, आणि आम्ही ते ओलेच पळवून खायचे. त्या वाळवणाची चव मला अजून आठवते. ते घालणारीच्या पाठीवर ऊन किती होते ते मात्र आठवत नाही, कारण मी पाहिलेच नव्हते. एकाच घरात, एकाच वेळी, दोन उन्हाळे चालू होते, आणि आमच्या सुटीच्या रम्य आठवणी लिहिणाऱ्या पुरुषांनी, त्यांत मीही आलो, त्यांतला एकच लिहून ठेवला. उन्हाच्या गावी सुटी घालवावी की नाही, हे विचारण्याआधी दुपारचा स्वयंपाक कोण करणार आहे हे विचारावे, असे मला तेव्हापासून वाटते.

आता २०२४ कडे येऊ. मुलीचा प्रश्न अनुत्तरित होता. आणि आता उत्तर देणे पूर्वीपेक्षा अवघडही झाले आहे. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला. १९ मे २०१६ रोजी राजस्थानात फलोदी येथे ५१ अंश नोंदले गेले. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्म्याने इतकी माणसे दगावली की २०१३ पासून त्या शहराने उन्हाळ्यासाठी स्वतंत्र कृती आराखडाच आखला, आणि मागाहून इतर शहरांनी तो गिरविला. आकड्यांपेक्षाही मला भिवविते ती रात्र. आजोळचे मातीचे घर आता नाही. त्या जागी सिमेंटची दुमजली इमारत आहे. दिवसभर प्यालेले ऊन ती स्लॅब रात्रभर परत देत राहते. ज्या रात्रीच्या भरवशावर आम्ही दिवस काढीत असू ती रात्रच आता निवत नाही. कूलर आहे, पण वीज असेल तोवर. आणि पाणी आहे, पण टँकर येईल तोवर.

तरी मी जाण्याच्या बाजूने कौल दिला. अटी मात्र घातल्या. मुक्काम आठ दिवसांचा. पहिले दोन दिवस घराबाहेर पडावयाचे नाही. अरण्यात फेरी सकाळचीच, दुपारची नाही. स्वयंपाक सकाळी आठच्या आत उरकावयाचा आणि त्यातला निम्मा पुरुषांनी करावयाचा. मुलीने अटी ऐकून विचारले, "शेवटची अट आजोबांच्या कायद्यात होती का?" मी म्हटले, ती दुरुस्ती नंतरची आहे.

पाचव्या दिवशी आम्ही पहाटे मोहर्लीच्या फाटकातून आत गेलो. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले ते रान वैशाखात पाहिले की प्रथम निराशाच होते: साग निष्पर्ण, बांबू वाळलेला, वाटेवर धुरळा. पण त्या उघड्या रानातच दूरवरचे दिसते. आठाच्या सुमारास एका पाणवठ्यावर वाघीण आली. पाण्याकडे पाठ करून ती मागच्या पायांनी सावकाश आत शिरली आणि मानेपर्यंत बुडून स्वस्थ बसली. नातू माझ्या कानाशी लागून म्हणाला, "आजोबा, आता ही पाचपर्यंत इथून हलत नाही, बघा." त्याला दोन दिवस कोंडून ठेवल्याचे माझ्या मनावरचे ओझे तेथे उतरले.

परतताना रस्त्याकडेला तेंदूपानांचे पुडके डोक्यावर घेतलेल्या बाया भेटल्या. त्याही पहाटेच निघाल्या होत्या, आणि ज्या रानात आम्ही पैसे मोजून वाघ शोधीत होतो त्याच्याच लगतच्या रानात त्या वाघ दिसू नये म्हणून देवाचे नाव घेत पाने खुडीत होत्या. पुढच्याच वर्षी, मे २०२५ मध्ये, याच जिल्ह्यात तेंदूपाने खुडायला गेलेल्या स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात बळी पडल्या. ती बातमी वाचताना मला त्या रस्त्यावरचे चेहरे दिसत होते.

घरी पोचलो तेव्हा दहा वाजत होते. धाकट्या मामी आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या. माजघर म्हणावे अशी खोली आता नाही, तेव्हा कूलरपुढच्या खुर्चीत बसून होत्या. कैऱ्या मी पहाटे निघण्यापूर्वी उकडून ठेवल्या होत्या. मी गर काढला, गूळ घातला, वेलची कुटली, माठातले पाणी ओतले आणि पहिला पेला त्यांच्या हाती दिला. माझ्या हातचे पन्हे त्या पहिल्यानेच घेत होत्या. मुलगी दाराशी उभी राहून पाहत होती.

मामींनी एक घोट घेतला, थोडा वेळ तोंडात घोळवला आणि पेला माझ्यापुढे धरला.

"मीठ कमी पडलं," त्या म्हणाल्या.